आतड्याची तपासणी
(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आजचा विषय चारचौघांत कोणी काढत नाही. विषय आहे परसाकडेचा. हसू नका. जेवणाविषयी आपण दिवसभर बोलतो. काय शिजले, कोणी वाढले, मीठ कमी की जास्त, सगळे बोलतो. पण खाल्लेले अन्न पुढे कुठे जाते, कसे बाहेर पडते, हे सांगायची वेळ आली की मान खाली जाते. ही लाज माणसाचा जीव घेते. म्हणून आज आम्ही ती बाजूला ठेवून बोलणार आहोत. तुम्हीही ती बाजूला ठेवून ऐका.

आमचे थोरले बंधू शेतकरी होते. अंगाने धडधाकट. त्यांना शौचाच्या वेळी रक्त पडू लागले. त्यांनी घरात कोणाला सांगितले नाही. मूळव्याध असेल, आपोआप बसेल, असे मनाशी धरले. रस्त्याच्या कडेला भिंतीवर पाट्या रंगवलेल्या असतात ना, 'मूळव्याध, भगंदर, बिगर ऑपरेशन बरे करू'? तसल्या एका ठिकाणाहून त्यांनी पुड्या आणल्या. दीड वर्ष पुड्या खाल्ल्या. मग वजन उतरले. चेहरा पांढरा पडला. तेव्हा मुलाने हाताला धरून डॉक्टरांकडे नेले. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. तोवर तो यकृतापर्यंत पोचला होता. वर्षभरात बंधू गेले.

डॉक्टर आम्हाला म्हणाले, "गुरुजी, तुमच्या सख्ख्या भावाला हा रोग झाला. तुम्हाला काही त्रास नसला तरी तुमचं आतडं एकदा आतून पाहून घ्या."

असे आतून पाहण्याला कोलोनोस्कोपी म्हणतात. शब्द लांबलचक आहे. फळ्यावर लिहून ठेवला आहे. एकदा सगळे मिळून वाचा. को-लो-नो-स्को-पी. झाले! शब्द वाचता आला की त्याची निम्मी भीती जाते. उरलेली भीती कशी घालवायची, ते आता सांगतो.

आतडे म्हणजे काय

आपल्या पोटात दोन आतडी असतात. लहान आतडे सुमारे २० फूट लांब. त्यात अन्न पचते. त्याच्या पुढे मोठे आतडे. ते सुमारे ५ फूट लांब. उरलेल्या चोथ्यातले पाणी ते शोषून घेते, आणि राहतो तो मळ.

या मोठ्या आतड्याच्या अस्तरावर काही माणसांना चामखिळीसारखा कोंब फुटतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. तो दुखत नाही, खुपत नाही. माणसाला त्याचा पत्ताही नसतो. बहुतेक कोंब निरुपद्रवी असतात. पण काही कोंब हळूहळू वाढतात आणि त्यांचा कर्करोग होतो. याला बहुधा दहा-दहा वर्षे लागतात.

घराच्या भिंतीत पिंपळाचे रोप उगवलेले तुम्ही पाहिले असेल. दोन पानांचे असते तेव्हा चिमटीत धरून उपटता येते. तेव्हा उपटले नाही, तर पुढे तेच भिंत फोडते. आतड्यातल्या कोंबाचे अगदी तसेच आहे. रोप लहान असताना उपटायचे, एवढाच या तपासणीचा हेतू.

नळी कोठून आली

ही तपासणी एका नळीने करतात. नळी बोटाएवढी जाड, चांगली लांब आणि वेलीसारखी वळणारी असते. तिच्या टोकाला दिवा आणि बारीक कॅमेरा असतो. गुदद्वारातून ती आत सरकवतात. आतले चित्र डॉक्टरांना पडद्यावर दिसते.

प्रकाश सरळ जातो, मग तो वाकड्या नळीतून कसा न्यायचा? हा पूर्वी मोठा प्रश्न होता. तो सुटायला आपल्या देशाच्या एका माणसाचा हात लागला आहे. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनला शिकत होते. त्यांनी आणि त्यांचे गुरू हॅरल्ड हॉपकिन्स यांनी केसासारख्या बारीक काचतंतूंची जुडी केली. १९५४ साली त्यांनी त्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. जुडी वाकली तरी चित्र पोचत होते. पुढे १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये शिन्या आणि वुल्फ या दोन डॉक्टरांनी अशा नळीने मोठे आतडे तर पाहिलेच, शिवाय आतला कोंब पोट न फाडता काढून दाखवला. आज नळीत काचतंतूंच्या जागी बहुधा कॅमेरा असतो. पण वाट त्यांनी दाखवली.

तपासणीची लाज वाटते म्हणता? मग ऐका. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांची हीच तपासणी झाली. ते गुंगीत असणार, म्हणून देशाचा कारभार ८५ मिनिटे उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या हाती होता. ही गोष्ट लपवली नाही. जगाच्या वर्तमानपत्रांत छापून आली. त्यांच्या आतड्यात एक बारीक कोंब निघाला, तो तिथल्या तिथे काढला.

त्याच देशाचे रोनाल्ड रेगन यांची १९८५ च्या जुलैत अशी तपासणी झाली. मोठा कोंब दिसला. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. कोंबात कर्करोग निघाला, पण तो पसरलेला नव्हता. रेगन पुढे १९ वर्षे जगले आणि २००४ साली ९३ वर्षांचे होऊन वारले. आता आमच्या बंधूंची गोष्ट शेजारी ठेवा. रोग तोच. फरक वेळेचा.

ही तपासणी कोणी करावी

उठून सगळ्यांनी रांग लावायची नाही. डॉक्टर सांगतील त्यानेच करावी. पण पुढील गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

शौचातून रक्त पडणे, किंवा मळ डांबरासारखा काळा होणे.
शौचाची रोजची सवय बदलणे, आणि ते काही आठवडे टिकणे. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब.
पोट साफ झालेच नाही असे सारखे वाटणे.
कारण नसताना वजन उतरणे.
रक्त कमी होऊन थकवा येणे.

रक्त पडले म्हणजे कर्करोगच, असे मुळीच नाही. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण मूळव्याध आहे हे आपण ठरवायचे नाही. भिंतीवरच्या पाटीनेही ठरवायचे नाही. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे.

आणि आई, बाप, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला हा रोग झाला असेल, तर त्रास नसला तरी चाळिशीला डॉक्टरांना विचारावे. नातलगाला रोग तरुणपणीच झाला असेल, तर त्याहूनही आधी विचारावे.

खरी कसोटी आदल्या दिवशी

ज्यांनी ही तपासणी केली आहे, ते सगळे एकच सांगतात. तपासणी सोपी, तयारी अवघड. आमचाही अनुभव तोच.

तयारी कशासाठी? विहिरीचा गाळ काढल्याशिवाय तळ दिसतो का? पाटी पुसल्याशिवाय नवे अक्षर दिसते का? तसेच आतडे धुऊन निघाल्याशिवाय कोंब दिसत नाही. थोडा मळ राहिला तरी मुगाएवढा कोंब त्याखाली लपतो. मग सगळी मेहनत फुकट जाते आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

रुग्णालयातून आम्हाला एक कागद मिळाला. त्यावर सगळे मराठीत लिहिले होते. तो आम्ही भिंतीवर चिकटवला. तुम्हीही तसेच करा. आता तुम्हाला वाचता येते. कोणाच्या तोंडाकडे पाहायची गरज नाही.

*तीन दिवस आधी.* चोथ्याचे आणि बियांचे अन्न बंद. म्हणजे भाकरी, पालेभाजी, मटकी, हरभरा, वांगे, टोमॅटो, पेरू, तीळ, शेंगदाणे बंद. चालते काय? मऊ भात, साल काढलेल्या मुगाच्या डाळीचे पातळ वरण, ताक, साल काढून उकडलेला बटाटा. देहू आणि आळंदी आपल्या जवळ, त्यामुळे आपल्याला उपवास नवा नाही. पण एकादशीचा फराळ इथे चालत नाही हो! शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि राजगिरा या उपवासाला वर्ज्य. आमच्या घरी हे समजावताना बराच वेळ गेला. "उपास आहे, मग खिचडी का नको?" असे घरातून तीनदा विचारणे झाले.

*आदल्या दिवशी.* घन काही नाही. फक्त पातळ आणि आरपार दिसेल असे. शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, मीठ-साखरेचे पाणी, भाताची गाळलेली पातळ पेज. दूध नाही. लाल किंवा जांभळे सरबतही नाही, कारण आत गेल्यावर त्याचा रंग रक्तासारखा दिसतो.

*मग औषध.* एक मोठी पुडी मिळते. तिच्यातली पावडर २ लिटर पाण्यात कालवायची. ही पावडर आतडे शोषून घेत नाही. ती पाण्याला धरून ठेवते आणि ते पाणी आतड्यातून वाहत खाली येते. सोबत मळ वाहून नेते. काही म्हणतात, एरंडेल घेतले की झाले, पुडी कशाला? नाही मंडळी. एरंडेलाने पोट हलते, पण तपासणीपुरते धुऊन निघेलच असे नाही. जे लिहून दिले तेच घ्यावे.

चव कशी? खारट, थोडी गुळगुळीत. पहिला पेला जातो. दुसरा जातो. चौथ्या पेल्याला मन बंड करते. आम्ही पुढील युक्त्या केल्या.

पाणी माठातल्यासारखे गार करून घेतले. फार थंड नाही, नाहीतर हुडहुडी भरते.
दर १०-१५ मिनिटांनी एक पेला, असे घड्याळ लावले.
पेल्यांचा हिशेब पाटीवर रेघा ओढून ठेवला.
मधेमधे लिंबाची फोड चाटली.
मळमळले तेव्हा अर्धा तास थांबलो, खोलीत शतपावली केली, मग पुन्हा सुरुवात केली.

उलटी थांबेना, पोट फार फुगले किंवा चक्कर आली, तर औषध थांबवून रुग्णालयाला फोन करावा. फोन नंबर त्या कागदावर असतो.

पुष्कळ ठिकाणी निम्मे औषध संध्याकाळी आणि निम्मे पहाटे देतात. त्याने आतडे अधिक स्वच्छ होते. पहाटे उठायचा कंटाळा करू नये.

तासा-दोन तासांत पोट सुटते. मग फेऱ्या सुरू. पंधरा झाल्या की वीस, आम्ही मोजायचे सोडून दिले. म्हणून घरची व्यवस्था आधी करावी. नळाला पाणी कधी येते ते पाहून दोन बादल्या जास्त भरून ठेवाव्यात. घरात संडास एकच असेल तर इतरांना आधी सांगून ठेवावे. चाळीत सामाईक संडास असेल तर शेजाऱ्यांना सांगायलाही लाजू नये. रात्री वाटेत दिवा ठेवावा. पुसून पुसून कातडी सोलवटते, म्हणून पाण्याने धुवावे आणि खोबरेल तेल लावावे. साधी गोष्ट, पण ती कोणी सांगत नाही.

पोट साफ झाले हे ओळखायचे कसे? शेवटी मळ येत नाही. लघवीसारखे पिवळसर, स्वच्छ पाणी येते. ते आले म्हणजे पाटी पुसली गेली.

औषधे चालू असतील तर

हे नीट ऐका. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या बहुधा आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, कारण त्यांनी मळ काळा होतो. हृदयविकाराच्या माणसांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नयेत. डॉक्टरांना विचारावे. मधुमेह असेल तर उपाशीपोटी नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेतल्याने साखर एकदम खाली जाते. तेही आधी विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर अवश्य सांगावे, कारण पोट साफ करायची काही औषधे अशा माणसाला चालत नाहीत. गोळ्यांची नावे वाचता येत नसतील, तर पाकिटेच पिशवीत घालून न्यावीत.

तपासणीचा दिवस

सोबत घरचे एक माणूस हवेच. तपासणीआधी काही तास पाणीसुद्धा बंद असते. किती तास, ते कागदावर लिहिलेले असते.

तिथे मागून उघडा असलेला झगा घालायला देतात. हाताला सुई लावतात. बोटाला चिमटा लावतात, त्याने नाडी आणि प्राणवायू कळतो. मग डाव्या कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात. खोलीत नर्सबाई होत्या, तरुण डॉक्टर होते. त्यांच्या तोंडावर ना हसू ना किळस. सुतार जसा लाकडाकडे पाहतो, तसे ते आपल्या कामाकडे पाहत होते. आमचा संकोच तिथेच संपला.

गुंगीचे इंजेक्शन दिले. नर्सबाई म्हणाल्या, "बाबा, किती वर्षं शिकवलंत?" आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडले, आणि डोळे उघडले तेव्हा सगळे झाले होते. अर्धा तास गेला असावा.

पोट फुगल्यासारखे वाटत होते. आत पाहण्यासाठी हवा भरतात, तीच ती. ती सोडावी लागते. तिथे सगळेच सोडत होते, त्यामुळे कोणी कोणाकडे पाहत नव्हते. मग चहा-बिस्किट मिळाले. त्या चहाची गोडी काय सांगावी!

गुंगी उतरली असे वाटले तरी त्या दिवशी वाहन चालवू नये. कागदावर सही-अंगठा करू नये. पैशाचा व्यवहार करू नये.

आमच्या आतड्यात दोन कोंब निघाले. एक मुगाएवढा, दुसरा तुरीच्या दाण्याएवढा. तारेच्या फासाने ते तिथेच काढले. आतल्या अस्तराला कापल्याचे दुखणे कळत नाही, त्यामुळे काही जाणवले नाही. कोंब तपासायला पाठवले. त्या आठ दिवसांत घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. आठव्या दिवशी कागद आला. कर्करोग नव्हता. पाच वर्षांनी पुन्हा या, असे डॉक्टरांनी सांगितले.

धोका काहीच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. क्वचित आतड्याला छिद्र पडते, क्वचित कोंब काढल्या जागी रक्त येते. हे थोड्यांनाच होते, पण माहीत असावे. घरी आल्यावर पोटात फार दुखले, ताप आला किंवा बरेच रक्त पडले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एक-दोन दिवस शौचाला झाली नाही तर मात्र घाबरू नये. आतडे रिकामेच असते.

कोठे जावे

आपले पिंपळे सौदागर पवनेकाठचे गाव. आता ते महानगरपालिकेत आहे. चारी बाजूंनी उंच इमारती आणि खासगी दवाखाने झाले. त्यांचा खर्च ज्याला झेपत नाही, त्याने घरी बसू नये. पिंपरीला संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. पुण्यात स्टेशनाजवळ १८६७ सालापासूनचे ससून रुग्णालय आहे. तिथे केसपेपर काढून पोटाच्या डॉक्टरांना दाखवावे आणि पुढची वाट विचारावी. रोग निघालाच, तर उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन त्याला भेटावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता शेवटचे. आमचा पुतण्या, म्हणजे त्या बंधूंचा मुलगा, चाकणच्या एका कारखान्यात आहे. वय ४३. त्यालाही डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली. तो म्हणाला, "काका, दोन दिवसांची हजेरी बुडते."

आम्ही म्हटले, "बाबा रे, तुझ्या वडिलांनी दीड वर्षात शेतावरचा एक दिवस बुडवला नाही. मग सगळंच बुडालं."

तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला. विचारत होती, "काका, पेजेत मीठ घातलेलं चालतं का?"

चालते, मंडळी. मीठ चालते. लाज तेवढी चालत नाही.